तबकातला वड

गेल्या एलूल महिन्यात, रोश हशानाच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या वस्तीच्या मत्नासमध्ये बोन्साय झाडांचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरले होते. आपल्याच समाजातील हौशी मंडळींनी वाढवलेली एकवीस झाडे मांडली होती. आम्ही दोन्ही दिवस गेलो. पहिल्या दिवशी भाषणे आणि समोसे यांच्या गर्दीत झाडे नीट दिसली नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन एकेका झाडासमोर उभे राहिलो. ज्या वाचकांना गुडघेदुखीमुळे येता आले नाही, त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

प्रथम जे चांगले होते ते सांगतो. प्रदर्शनाला एलूल महिना निवडला हे उत्तम केले. झाडांचे काही करायचे म्हटले की सगळे तू बिश्वातचा दिवस धरतात; पण शेवातमध्ये डाळिंबावर पान नसते आणि वड थंडीने मरगळलेला असतो. या वेळी डाळिंबाला फळे होती, जैतुनाला हिरवे मणी लागले होते. डाळिंब वाढवणाऱ्या बाईंचे विशेष कौतुक. बोन्सायमध्ये छाटणीने आणि मुळे आवळल्याने पान लहान होते, फळ मात्र लहान होत नाही. मोठ्या जातीचे डाळिंब लावले तर वीतभर झाडाला मुठीएवढे फळ लटकते आणि ते विद्रूप दिसते. बाईंनी बुटक्या जातीचे डाळिंब घेतले होते. लिंबाएवढी चार फळे, झाडाला शोभतील अशी. एका मावशींनी तिथेच विचारले, "ओरलाची तीन वर्षे झाली का गं? आणि कुंडी बदललीस तर पुन्हा पहिल्यापासून मोजायची का?" बाई म्हणाल्या, "मावशी, खायला नाहीत, बघायला आहेत." प्रश्न मात्र रब्बींना विचारण्याजोगा आहे.

आता तक्रार. बोन्साय म्हणजे लहान झाड, असे बहुतेकांना वाटते. जपानी शब्दात 'बोन' म्हणजे तबक, उथळ भांडे, आणि 'साय' म्हणजे लागवड. म्हणजे नावातच अर्धा वाटा कुंडीचा. आपल्या लोकांनी झाडे वर्षानुवर्षे जपली, आणि कुंड्या मात्र आदल्या दिवशी बाजारातून आणल्या, असे दिसत होते. एका सुरेख जुन्या जैतुनाला, ज्याचे खोड पिळलेल्या धोतरासारखे झाले आहे, चकचकीत निळी आणि सोनेरी काठाची कुंडी दिली होती. नजर खोडावर ठरेना. अशा खडबडीत झाडाला बिनझिलईची, मातकट तपकिरी कुंडी हवी. जपानमधील तोकोनामे गावची भांडी याच साधेपणासाठी नावाजलेली आहेत. झिलई फुलाफळांच्या झाडाला शोभते, म्हणजे ती निळी कुंडी डाळिंबाला द्यायला हरकत नव्हती. मापाचाही एक ढोबळ नियम आहे: कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी. नियम मोडायला हरकत नाही, पण माहीत असून मोडावा.

एक झाड तर चक्क सॅलडच्या वाडग्यात होते, तळाला भोक नाही. पाणी साचून त्याची मुळे सडणार. मिश्नामध्येसुद्धा भोकाच्या कुंडीतले रोप जमिनीतल्यासारखे धरले आहे, बिनभोकाच्या कुंडीतले नाही. आणि झाडाचेही मत तेच आहे.

मांडणीबद्दल थोडक्यात. सूर्यफुलांच्या छापाचा टेबलक्लॉथ, मागे मत्नासच्या नाटकाचे पोस्टर, आणि झाडे कमरेखाली. बोन्सायला दर्शनी बाजू असते. फांद्या त्या बाजूने उघडलेल्या असतात आणि शेंडा किंचित पाहणाऱ्याकडे झुकलेला असतो. निम्मी झाडे पाठ फिरवून बसली होती. मागे एक साधी राखाडी चादर आणि डोळ्यांच्या पातळीवर फळी, एवढेच हवे होते. मलिद्याचे ताट मांडताना ज्यांच्या घरी पोहे, खोबरे, पाच फळे आणि गुलाब कुठे ठेवायचा यावर दोन आज्या वाद घालतात, त्यांना मांडणी शिकवायला जपानी माणूस कशाला हवा?

उद्घाटनाच्या भाषणात एक पाहुणे म्हणाले की आपला समाज या देशात बोन्सायसारखा झाला, मुळे छाटली गेली आणि वाढ खुंटली. टाळ्या पडल्या. आम्ही वाजवल्या नाहीत. बोन्सायची मुळे दर दोन-तीन वर्षांनी छाटतात ती झाड मारायला नव्हे. छाटले नाही तर मुळे कुंडीत गुंडाळून घट्ट होतात आणि झाड गुदमरते. छाटल्यावर बुंध्याजवळ नवी बारीक मुळे फुटतात आणि पाणी पितात ती तीच. शिवाय बोन्सायची जात सहसा बुटकी नसते. तेच जैतून जमिनीत लावा, चार वर्षांत ओळखू येणार नाही. पाहुण्यांनी उपमा देण्याआधी एखाद्या झाडवाल्याला विचारायला हवे होते. हॉलमध्ये एकवीस जण होते.

त्यातले एक नाना, वय 84, व्हीलचेअरवर, शेवटच्या टेबलाशी. त्यांचे झाड आम्हाला सर्वांत आवडले आणि त्याच्यावरच सर्वांत मोठा अन्याय झाला. झाड वडाचे. मिकवे इस्राएलच्या जुन्या शेतकी शाळेच्या बागेत भला मोठा वड आहे, पारंब्यांसकट; छाटणीत पडलेली त्याची एक फांदी नानांनी तीस वर्षांपूर्वी माळ्याकडून मागून घेतली. वडाचे पान फारसे लहान होत नाही, म्हणून त्यांनी झाड दोन हात उंच ठेवले आहे आणि उन्हाळ्यात एकदा सगळी पाने काढून टाकतात. नवी येतात ती जरा लहान. पारंब्यांना दमट हवा लागते. समुद्रकाठच्या आपल्या उन्हाळ्यात त्या सुटतात, पण मातीपर्यंत पोचण्याआधी सुकतात; म्हणून नाना प्रत्येक पारंबी सरबत प्यायच्या नळीत घालून खाली उतरवतात. तीन उतरल्या आहेत. शब्बाथला पाणी कोण घालते, असे आम्ही विचारले. शुक्रवारी दुपारी ठिबकची बारीक नळी आणि टायमर लावून ठेवतात.

झाड पितळेच्या परातीत आहे. नानांच्या आई याच परातीत मलिदा कालवत. अलियाच्या वेळी ती सामानात आली. शेजाऱ्याच्या ड्रिल मशीनने तिला सहा भोके पाडली आहेत. आकार अगदी योग्य: रुंद, उथळ, गोल, पसरणाऱ्या वडाला साजेसा. पण धातू उन्हाने तापतो आणि मुळे शिजतात, हे आम्ही सांगितले. मातीचे तबक घ्या म्हणालो.

"तीस वर्षे नाही शिजली," नाना म्हणाले. "ऊन आले की खाली ओले पोते घालतो."

आम्ही गप्प बसलो. परात योग्य नाही हे आमचे मत अजून आहे.

तर या झाडाच्या चिठ्ठीवर हिब्रूत काय लिहिले होते? 'फिकुस, वय 50.' पलीकडे दुकानातून आणलेले जाड मुळांचे झाड, त्यालाही 'फिकुस'. त्यापलीकडे शिक्मा, आपल्या उंबराचा सख्खा भाऊ, आमोस नबी ज्याच्या फळांची निगा राखत असे ते झाड, त्यालाही 'फिकुस'. कुळ एक असेल, पण काकडी आणि दुधी यांना कोणी एकच चिठ्ठी लावील का? आणि वय 50 कुठून आले? खोडाच्या जाडीवरून वय सांगता येत नाही. माहीत असलेल्याला विचारावे लागते, आणि तो टेबलाशीच बसला होता.

अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक पांढरा पाइन आहे. मासारू यामाकी या हिरोशिमाच्या बोन्साय व्यावसायिकाने 1976 साली जपानच्या भेटींबरोबर तो दिला. 1625 सालापासून तो कुंडीत आहे. पंचवीस वर्षे लोक तो पाहून पुढे जात होते. 2001 साली यामाकींचे दोन नातू झाड पाहायला आले, तेव्हा उद्यानाला कळले की 6 ऑगस्ट 1945 रोजी बाँब पडला तेव्हा हे झाड हिरोशिमात, स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकींच्या आवारात भिंतीआड उभे होते. नातू आले नसते तर कळले नसते.

नानांचे नातू हैफाला शिकतात. वडाला पाणी घालायला त्यातला धाकटा शिकला आहे, पण परात कुठली हे त्याला ठाऊक नव्हते; आमच्यासमोरच त्याने विचारले.

संयोजकांचा आम्हाला फोन आला होता. शेवटच्या टेबलावरील चिठ्ठीवर बॉलपेनने मराठीत कोणी खरडले, अशी चौकशी होती. 'वड. मिकवे इस्राएलचा. आईची मलिद्याची परात. 30 वर्षे.' अक्षर आमचेच होते, नानांना विचारूनच लिहिले होते, आणि पुढच्या एलूलमध्ये उरलेल्या वीस चिठ्ठ्या लिहायला आम्ही आदल्या दिवशी येऊ असे त्यांना कळवले आहे. राखाडी चादरही आणू.