शोधलेखाचे परीक्षण : एका अप्रकाशित समीक्षाप्रकाराविषयी

समीक्षेच्या प्रकारांची चर्चा करताना ग्रंथपरीक्षण, प्रस्तावना, व्याख्यान यांचा विचार आपण करतो. परंतु एक प्रकार नेहमीच या चर्चेबाहेर राहतो. संशोधनपर नियतकालिकाकडे आलेल्या लेखावर परीक्षकाने संपादकाला पाठविलेला अभिप्राय, हा तो प्रकार होय. तो छापला जात नाही, त्याखाली सही नसते आणि त्याला वाचकही दोन-तीनच मिळतात. तरीही कोणता विचार छापून यावयाचा हे पुष्कळदा त्याच्यावरच ठरते. या अभिप्रायाकडे समीक्षा म्हणून पाहिल्यास काय दिसते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पद्धती सर्वपरिचित आहे. संपादक लेख प्रथम स्वतः वाचतो, लेखकाचे नाव काढून तो दोन जाणकारांकडे पाठवितो आणि त्यांचे अभिप्राय पाहून लेख स्वीकारतो, दुरुस्तीसाठी परत करतो किंवा नाकारतो. निर्णय संपादकाचा असतो. परीक्षक केवळ सल्ला देतो. हा भेद व्यवहारात मात्र पुसट होतो. संपादक परीक्षकाच्या आड उभा राहतो आणि परीक्षक निनावीपणाच्या आड.

ही गुप्तता या पद्धतीच्या मुळाशीच आहे असे मानण्याचे कारण नाही. विल्यम ह्यूएलने १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लेखांवर तज्ज्ञांचे अभिप्राय मागविण्याची सूचना मांडली, तेव्हा ते अभिप्राय प्रसिद्ध व्हावेत अशीच त्याची कल्पना होती. काही वर्षांतच ते गुप्त झाले. ‘नेचर’ने तर बाह्य परीक्षण १९७३ मध्ये सक्तीचे केले. १९३६ मध्ये आइन्स्टाइनने आपला गुरुत्वतरंगांवरील लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’कडून परत घेतला तो, आपल्या अनुमतीवाचून तो परक्या जाणकाराला दाखविला गेला, या रागाने. परीक्षक होते एच. पी. रॉबर्टसन. तोच आक्षेप त्यांनी पुढे, परीक्षक म्हणून नव्हे तर सहकारी म्हणून, आइन्स्टाइनचे साहाय्यक इन्फेल्ड यांना संभाषणात समजावून दिला आणि लेखाचा निष्कर्ष बदलला. निनावी कागदाने जे साधले नाही ते समोरासमोरच्या बोलण्याने साधले.

समोरासमोरच्या या व्यवहाराला संस्थेचे रूप कसे येते, ते बंगळूरच्या बसवनगुडीत पाहावयास मिळते. मुंबईत जन्मलेल्या बी. पी. वाडिया यांनी १९४५ मध्ये तेथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही संस्था स्थापन केली. तेथील काही व्याख्याने क्रमांक घातलेल्या ‘ट्रँझॅक्शन’ पुस्तिकांच्या रूपाने छापली गेली. आज बुल टेंपल रोडवर असलेली, डी. व्ही. गुंडप्पांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने काढलेली सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची संस्थाही १९४५ सालचीच. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केलेल्या गोखल्यांचे नाव या वस्तीत अशा रीतीने रुजले, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अशा ठिकाणी निबंध छापण्यापूर्वी ऐकला जातो आणि शंका घेणाऱ्याला चेहरा असतो. अर्थात सभेचेही दोष आहेत. वक्तृत्व पुराव्याची उणीव झाकते, सौजन्य आक्षेपाची धार बोथट करते आणि श्रोता तळटीपा ताडून पाहत नाही. म्हणून सभा परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. परीक्षणात काय हरवले आहे, ते मात्र ती दाखवून देते.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. एखाद्या संतकवीवर किंवा दलित आत्मकथनांवर अधिकाराने बोलू शकणारे अभ्यासक थोडे; त्यांची शैली, त्यांचे आवडते दाखले एकमेकांना पाठ. नाव काढल्याने लेखक झाकला जातो असे कोण म्हणेल? उलट, आपल्याकडे निराळी परंपरा होती. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करीत, सूचना करीत आणि त्याखाली सही करीत. त्यांची अभिरुची काहींना जाचक वाटली आणि तिच्याविरुद्ध बंडही झाले. पण बंड करता आले ते अधिकार कोणाचा हे उघड होते म्हणूनच.

आज हा विचार तातडीचा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांची बढती प्रकाशनांच्या गुणांशी जोडली आणि पैसे घेऊन लेख छापणारी नियतकालिके फोफावली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे पुण्याच्या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये मार्च २०१८ मध्ये दाखविले. मे महिन्यात ४३०५ नियतकालिके यादीतून गेली. नंतर ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही रद्द झाली. ‘तज्ज्ञपरीक्षित’ हा शब्द मुखपृष्ठावर छापणे सोपे आहे. त्यामागे खरोखर कोणी वाचले की नाही, हे कोणतीही यादी सांगू शकत नाही.

तेव्हा कसोटी अभिप्रायालाच लावली पाहिजे. लेखकाला काय सिद्ध करावयाचे आहे हे परीक्षकाने प्रथम त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडले आहे काय? आक्षेप पुराव्यावर आहे की केवळ भूमिकेवर? लेखकाला उत्तराची संधी मिळाली काय? आणि संपादकाने निर्णय स्वतःच्या नावाने घेतला काय? परीक्षकाचे नाव गुप्त ठेवणे प्रसंगी आवश्यक असेल. तरुण अभ्यासकाला ज्येष्ठाच्या लेखावर निर्भयपणे लिहिता यावे म्हणून ते इष्टही ठरेल. परंतु कारणे गुप्त ठेवण्याचे समर्थन कशानेही होत नाही. ज्या अभिप्रायाखाली सही करावयास परीक्षक कचरेल, तो त्याने लिहूच नये. कारण जबाबदारीवाचून केलेली समीक्षा ही समीक्षा नसून नुसता अधिकार असतो.