सीता, ओवी आणि दत्तक आईची अस्मिता

‘दत्तक’ ही संज्ञा मराठी भाषाव्यवहारात दीर्घकाळ पुत्राशी, वारशाशी आणि गादीशी निगडित राहिली आहे. १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचे दत्तकविधान कंपनी सरकारने नाकारले आणि ते राज्य खालसा झाले. साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक असलेले भोरचे पंतसचिवांचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकून राहिले. या राजकीय अर्थाच्या दत्तकात मुलीला स्थान नव्हते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्यास स्पष्ट मान्यता दिली. साहित्यातही मुख्यतः हीच चौकट दिसते. ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘राधेय’ (१९७३) या दोन्ही कादंबऱ्यांत परक्या घरी वाढलेल्या कर्णाचे दुःख हे प्राधान्याने कुलाचे आणि प्रतिष्ठेचे दुःख आहे. त्याला वाढवणाऱ्या राधेचे मातृत्व या दुःखाच्या पार्श्वभूमीपुरते उरते.

याच भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगराळ मुलखातील स्त्रियांनी जात्यावर जे वाङ्मय निर्माण केले, त्यात हा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसमवेत संकलित केलेल्या, एक लाखाहून अधिक संख्येच्या ओव्यांमध्ये मावळपट्ट्याचा मोठा वाटा आहे. या ओव्यांतील सीता ही महाकाव्यातील पतिव्रतेहून वेगळी व्यक्तिरेखा आहे. ती सासुरवाशीण आहे. तिचा सासुरवास पुढील काळातील बायकांना वाटला गेला, अशी कल्पना ओवीत येते. ती वनवासात एकटी बाळंत होते आणि लहू-अंकुश यांना वाढवते. समीक्षेने या सीतेचा विचार प्रायः सासुरवासाच्या अंगाने केला. तिची दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली. नांगराच्या तासात सापडलेली आणि जनकाच्या घरी वाढलेली ही मुलगी स्वतः आई होते, म्हणजेच आई झालेल्या दत्तक स्त्रीचे मराठी लोकमानसातील आद्य रूप तीच आहे.

या रूपाचा अर्थ एका आधुनिक आत्मकथनाशेजारी ठेवल्यास अधिक स्पष्ट होतो. नाशिक जिल्ह्यात १९६७ मध्ये जन्मलेली आशा मीरो १९७४ मध्ये मुंबईतील अनाथाश्रमातून बार्सेलोनातील एका दांपत्याकडे दत्तक गेली. १९९५ मध्ये ती भारतात परतली. त्या परतीवर आधारित ‘गंगेची कन्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे तिचे कातालान पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी दुसरे पुस्तक आले. पहिल्या पुस्तकात दत्तक आईच्या दैनंदिनीतील नोंदीही गुंफलेल्या आहेत. त्यामुळे एकाच संहितेत शोध घेणारी मुलगी आणि वाढवणारी आई असे दोन आवाज ऐकू येतात.

शीर्षकातील ‘गंगा’ पाश्चात्त्य वाचकाला पौर्वात्य गूढतेची खूण वाटेल आणि समीक्षक तिच्याकडे बाजारपेठेची तडजोड म्हणून पाहील. पण नाशिककर गोदावरीलाच ‘गंगा’ म्हणतो आणि तिच्या घाटाला ‘गंगाघाट’. लेखिकेला हा अर्थ अभिप्रेत असो वा नसो, मराठी वाचकाला तो दिसतो. जी भाषा लेखिकेच्या हातून निसटली, त्याच भाषेच्या वाचकाला तिच्या शीर्षकाचा स्थानिक अर्थ गवसावा, हा या संहितेतील सर्वांत करुण विरोधाभास होय.

येथे एक सोपी तुलना मोहात पाडते. ओवीतील लेक ही मुळातच परक्याचे धन आहे. ती घर, नाव आणि कूळ बदलते. मग दत्तक मुलीचे स्थलांतर हे सासरी जाण्याचेच रूप का मानू नये? मात्र हे साम्य फसवे आहे. वेल्ह्याच्या लेकीला न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो, पंचमी आणि दिवाळी तिच्या माहेराची वाट खुली ठेवतात आणि दोन्ही घरी तीच भाषा बोलली जाते. दत्तक गेलेल्या मुलीची भाषाच जाते. दुसऱ्या पुस्तकातील बहिणींच्या भेटीत दुभाष्याची गरज लागते, ती त्यामुळेच. माहेर असते, पण तेथे बोलता येत नाही. हा अनुभव ओवीच्या शब्दकोशात नाही. ओवीच्या आधाराने त्याचे सांत्वन करणे म्हणजे त्याची तीव्रता नाकारणे ठरेल.

तरीही ओवी एक महत्त्वाची गोष्ट शिकवते. आधुनिक आत्मकथन अस्मिता मागे, जन्मस्थळी शोधते. ओवीतील सीता आपले मूळ शोधत हिंडत नाही; लेकरांना न्हाऊ-माखू घालताना तिची ओळख घडते. अस्मिता ही येथे सापडण्याची वस्तू नसून पुढे सोपवण्याची क्रिया आहे. दत्तकासाठी मराठीत दुसराही एक शब्दप्रयोग आहे, ‘ओटीत घालणे’. ‘दत्तक’ वारसा सांगतो, ‘ओटी’ देह आणि ऊब सांगते. दत्तक स्त्री स्वतः आई होते तेव्हा ज्या ओटीत ती पडली, त्या ओटीचा अर्थ तिच्याच कृतीतून तिला उमगू लागतो.

परंतु सीतेची कथा येथे संपत नाही. मुले मोठी झाल्यावर ती धरणीमातेला हाक मारते आणि भूमीत परतते. मूळ विसरल्याने दत्तक अपत्य सुखी होते, हा भाबडा समज हा शेवट मोडून काढतो. पुढे सोपवणे आणि मागे परतणे या दोन्ही प्रेरणा एकाच स्त्रीत नांदतात. पहिलीची पूर्तता झाल्याने दुसरी शमत नाही. आंतरदेशीय दत्तकासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात दिलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि १९९३ चा हेग करार बालकाच्या हिताची काळजी वाहतात. मात्र ते बालक पुढे आई झाल्यावर आपल्या लेकराला कोणत्या भाषेत अंगाई गाईल, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर आणि साहित्याच्या कक्षेत येतो. मराठी समीक्षेने दत्तकाचा विचार गादी आणि कुलापाशी न थांबवता जात्यापर्यंत नेला, तर या प्रश्नाचे निदान स्वरूप तरी तिच्या ध्यानात येईल.