अमेरिकेंतील धर्मपक्षाचा उगम : एका आख्यायिकेचें परीक्षण

उत्तरकालीन बखरकार आपल्या नायकाच्या चरित्रारंभीं एखादा तेजस्वी प्रसंग बसवितो आणि पुढें तोच प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या खरा म्हणून सांगितला जातो, हा अनुभव आपल्या वाचकांस नवा नाहीं. परंतु ज्या घटनेचे मुख्य साक्षीदार कालपरवांपर्यंत हयात होते आणि जिचे कागद तारीखवार उपलब्ध आहेत, तिच्याविषयींही असेंच घडावें याचें नवल वाटतें. रँडल बाल्मर यांचें ‘बॅड फेथ’ हें १९२१ नव्हे, २०२१ सालचें लहानसें पुस्तक अशाच एका आख्यायिकेच्या खंडनार्थ लिहिलें आहे. ग्रंथकार डार्टमथ येथें धर्मेतिहासाचे अध्यापक असून इव्हँजेलिकल धर्मोपदेशकाचे पुत्र आहेत. तेव्हां खंडनाचा विषय त्यांच्या घरचाच आहे.

आख्यायिका अशी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २२ जानेवारी १९७३ रोजीं ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यांत गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्यानें व्यथित होऊन, आजवर राजकारणापासून अलिप्त राहिलेले इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट जागे झाले. त्या जागृतींतून जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ १९७९ साली निघाली व १९८० साली रेगन अध्यक्षपदीं निवडून आले. खुद्द फॉलवेल यांनीं १९८७ सालच्या आत्मचरित्रांत, निकालाची बातमी दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत वाचून आपण कसे हादरलों, तें लिहिलें आहे.

आतां समकालीन कागद पाहावे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही त्या देशांतील सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संस्था. तिनें १९७१ साली सेंट लुइस येथें ठराव करून, बलात्कार, गर्भांतील गंभीर व्यंग, मातेच्या शरीरमनाची हानि अशा कारणांसाठीं गर्भपात कायदेशीर असावा, असें मत दिलें. १९७४ व १९७६ साली त्यास पुन्हां पुष्टि दिली. संस्थेचे माजी अध्यक्ष क्रिस्वेल यांनीं तर ‘रो’चा निकाल रुचल्याचें बोलून दाखविलें. फॉलवेल यांचें गर्भपातावरील पहिलें प्रवचन बाल्मर यांच्या शोधाप्रमाणें १९७८ सालचें, म्हणजे निकालानंतर पांच वर्षांनीं. आत्मचरित्रांतील व्यथा खोटी होती असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण पांच वर्षें तिचा प्रवचनांत मागमूस नाहीं, हें कोणताही संशोधक नोंदवील. याच फॉलवेल यांनीं २१ मार्च १९६५ रोजीं, सेल्माची पदयात्रा निघाली त्याच दिवशीं, धर्मोपदेशकानें राजकारणांत पडूं नये असें प्रवचन केलें आणि तें पत्रकरूपानें छापलें होतें. १९८० साली त्यांनीं तें मत टाकलें. मत टाकतां येतें, वांटलेलें पत्रक परत घेतां येत नाहीं, ही संग्राहकांची सोय आहे.

मग खरें कारण कोणतें ? बाल्मर यांचें उत्तर : करमाफी. सरकारी शाळांत वर्णभेद बंद झाल्यावर मिसिसिपी प्रांतांत गोऱ्यांनीं खासगी शाळा काढल्या. त्यांस करमाफी मिळूं नये म्हणून होम्स परगण्यांतील कृष्णवर्णीय पालकांनीं १९६९ साली फिर्याद लावली. ३० जून १९७१ च्या ‘ग्रीन विरुद्ध कॉनली’ निकालानें वर्णभेद पाळणाऱ्या शाळांची करमाफी गेली. बॉब जोन्स विद्यापीठ त्या वर्षापर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतच नव्हतें, आणि मिश्रवर्णी प्रेमसंबंधांवरील तेथील बंदी २००० सालापर्यंत चालली. १९ जानेवारी १९७६ रोजीं त्याचीही करमाफी काढण्यांत आली. येथें पॉल वायरिक पुढें येतात. हेरिटेज फाउंडेशनच्या संस्थापकांपैकीं हे एक. शाळेंतील प्रार्थना, अश्लील वाङ्मय, स्त्रियांचे समान हक्क, गर्भपात असे नाना विषय घेऊन इव्हँजेलिकलांस चेतविण्याचा आपला प्रयत्न फसला आणि ख्रिस्ती शाळांवर सरकारनें हात टाकला तेव्हांच तो साधला, असें त्यांनीं १९९० साली एका परिषदेंत सांगितलें. बाल्मर तेथें हजर होते. पुढें त्यांनीं वायरिक यांचे कागद लॅरमी येथें जाऊन तपासले, याबद्दल त्यांस धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु आमची शंका येथेंच आहे. फॉलवेल यांचें १९८७ चें कथन उत्तरकालीन म्हणून बाजूस सारावयाचें, तर वायरिक यांचें १९९० चें कथन कोणत्या न्यायानें प्रमाण मानावें ? शिवाय त्यांत कालविपर्यासाची जागाही आहे. वायरिक दोष कार्टर यांस देतात. पण बॉब जोन्सची करमाफी गेली ती फोर्ड यांच्या कारकीर्दींत, कार्टर यांच्या शपथविधीच्या वर्षभर आधीं. कार्टर यांच्या अमदानींतला कागद म्हणजे करखात्यानें ऑगस्ट १९७८ मध्यें प्रसिद्ध केलेली, खासगी शाळांनीं वर्णभेद न पाळल्याचा पुरावा द्यावा अशा आशयाची नियमांची योजना. तिच्याविरुद्ध निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला व १९७९ साली काँग्रेसनें ती अडवून धरली. साक्ष आणि कागद यांचा मेळ १९७८ वर बसतो, १९७६ वर नव्हे. हा फरक ग्रंथकारांनीं ठळक केला असता तर त्यांचा पक्ष अधिक बळकट झाला असता.

दुसरें असें कीं, निमित्तकारण व उपादानकारण यांचा भेद त्यांनीं पुरेसा राखिला नाहीं. कुंभार निराळा, माती निराळी. करमाफीनें पुढारी एकत्र आले, हें त्यांनीं चांगलें सिद्ध केलें. पण लाखों अनुयायी कशानें आले ? १९७८ साली आयोवांत सेनेटर डिक क्लार्क पडले, तेव्हां मतदानापूर्वींच्या रविवारीं चर्चबाहेर गर्भपातविरोधी पत्रकें वांटलीं होतीं, हें बाल्मर स्वतःच सांगतात. १९७९ साली शेफर व कूप यांचा चित्रपट गांवोगांव फिरला. १९८० साली त्याच सेंट लुइस नगरींत बॅप्टिस्टांनीं आपला जुना ठराव जवळजवळ उलटा केला. डॅनिएल विल्यम्स यांनीं ‘गॉड्स ओन पार्टी’ (२०१०) या ग्रंथांत तर हा ओघ कित्येक दशकें मागें नेला आहे. कॅथॉलिक लोक ‘रो’च्या आधींपासून या कामांत होते. ही माती बाल्मर यांच्या ग्रंथांत फार थोडी आली आहे.

वर्णभेदाची करमाफी राखण्याचा तंटा २४ मे १९८३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें निकालांत काढला. बॉब जोन्स हरलें. ‘रो’चा निकाल मात्र २४ जून २०२२ रोजीं रद्द झाला, हें पुस्तक निघाल्यानंतर वर्षाच्या आंत. ज्या विजयाचा उत्सव झाला त्याचें मूळ त्या पक्षाच्या आरंभीं नव्हतें, असें म्हणणाऱ्यावर रोष होणारच. म्हणूनच १९७१ व १९८० चे ठराव, १९६५ चें पत्रक, १९७८ ची योजना आणि १९८७ च्या आत्मचरित्रांतील तो उतारा हीं पांच साधनें तारीखवार एकाखालीं एक कोणी छापल्यास, अर्ध्या वादाची गरज उरणार नाहीं. दुसऱ्या आवृत्तींत ग्रंथकारांनींच तें करावें, अशी आमची सूचना आहे.