वाचकाच्या हाती लेखणी

वर्तमानपत्र काढणारा एक आणि ते वाचणारे अनेक, ही जुनी वाटणी आता मोडली व ज्याच्या त्याच्या खिशात छापखाना आला, असे म्हणून काही जाणती मंडळी हळहळतात. काही टाळ्या पिटतात. ही घटना अपूर्व आहे याविषयी मात्र दोन्ही पक्षांचे एकमत दिसते. मराठी गद्याचा इतिहास त्यांनी थोडा चाळला असता तर बरे झाले असते.

गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकर. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने त्यांनी पत्रे लिहिली. नाव ‘शतपत्रे’, पण भरली १०८. त्यांत पुनरुक्ती पुष्कळ, वाक्ये घाईची, आणि संताप तर ओळीओळीत. टीकाकाराने हे दोष खुशाल मोजावेत. पण पत्रलेखकाचा हा उतावीळपणाच त्या लिखाणाचा प्राण आहे, हेही सांगावे. पुढे १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतील १४ वर्षांच्या मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त आला. जिच्याविषयी इतरांनी लिहावयाचे, तीच लिहू लागली! वाचकाने लेखक होण्याहून ही मजल मोठी आहे.

आमच्या भागाला तर तिचे मोल विशेष कळावे. माजरी हे कोळशाचे गाव. खाणी, रेल्वेचे जंक्शन आणि धूळ यांपलीकडे ते बाहेरच्या पत्रांना क्वचितच आठवते. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल शहरी स्तंभांत यावयाचे ते बहुधा वाघ किंवा नक्षलवादी यांच्या निमित्ताने. येथील खाणकामगाराच्या मुलीने मोबाईलवर आपल्या वस्तीविषयी चार परिच्छेद लिहिले, तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवून तिला गप्प करणे हा रसिकपणा नव्हे.

तथापि एक फरक उरतोच. लोकहितवादींचे खरे नाव पत्राखाली नव्हते, पण ते पत्र छापण्याची जोखीम भाऊ महाजनांनी आपल्या माथी घेतली होती. हा मधला माणूस आता नाहीसा झाला आहे. खोटे छापले गेले, तर जाब विचारावा कोणाला?

मधल्या माणसावाचूनही जाब कसा राहतो, हे आमच्याच पूर्वेला झाडीपट्टीत दिसते. दंडारीतून वाढलेली ही रंगभूमी; धान निघाले की तिची नाटके रात्र रात्र चालतात. वडसा-देसाईगंजला आता व्यावसायिक कंपन्या आहेत, आणि २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. पण तिचे मूळ बळ निराळे आहे: दिवसा शेतात राबणारा मनुष्य रात्री तोंडाला रंग लावतो, आणि त्याचे शेजारी समोर बसतात. प्रवेश फसला, तर दुसऱ्या दिवशी बांधावर त्याला ते ऐकून घ्यावे लागते.

खिशातल्या छापखान्याला असा बांध नाही. प्रत्येकाने मजकुराखाली आपले नाव-गाव घालावे, हा उपाय काहीजण सुचवितात. तो सोपा खरा. पण तसा नियम १८४८ साली असता, तर एका सरकारी नोकराने ती १०८ पत्रे लिहिली असती काय?