शरीर एक, वर्ग अनेक : शरीररचना आणि शरीरक्रिया कुणाला कशी शिकवायची?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण त्याचा थेट संबंध आपल्या घरातल्या बाळाला टोचल्या जाणाऱ्या सुईशी आहे.

शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय आपल्याकडे किती ठिकाणी शिकवले जातात बघा. शाळेत आहेत, एएनएम आणि जीएनएमला आहेत, बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद आणि एमबीबीएसलाही आहेत. आशाताईंच्या प्रशिक्षणातही थोडे येतातच. शरीर सगळीकडे तेच. मग प्रत्येक वर्गासाठी आपण काय बदलतो? आमचं निरीक्षण असं की, बहुतेक वेळा फक्त पानं गाळतो. मोठं पुस्तक घ्यायचं, अवघड नावं काढायची, उरलेलं खालच्या वर्गाला द्यायचं. 'हृदयाची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' हा प्रश्न शाळेत असतो, नर्सिंगला असतो आणि पुढेही असतो. फक्त नावांची संख्या वाढत जाते. या गाळण्याच्या पद्धतीवरच आज आम्हाला बोलायचं आहे.

पहिला दोष असा, की गाळता गाळता सोपं विधान चुकीचं होऊन बसतं. 'शुद्ध रक्त' आणि 'अशुद्ध रक्त' हे शब्द आपण सगळे ऐकत आलो. धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध. पाठ करायला छान. पण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. मग विद्यार्थ्याला 'अपवाद' म्हणून आणखी एक गोष्ट पाठ करावी लागते. खरं म्हणजे इथे अपवाद काहीच नाही. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी नळी, शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी. एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. शब्दही तितकेच सोपे आहेत. एक पानसुद्धा वाढलं नाही.

आणि ते 'अशुद्ध' रक्त तरी कसं असतं? माणूस शांत बसलेला असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातलं सुमारे ७५ टक्के हिमोग्लोबिन अजून ऑक्सिजनने भरलेलं असतं. श्वासाचंही तसंच. आपण 'ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो' असं शिकवतो. प्रत्यक्षात आत जाणाऱ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के. हे माहीत नसलेल्या मुलाला तोंडाने श्वास दिल्यावर माणूस कसा जगतो, हे कळणारच नाही. उलट 'अशुद्ध' हा शब्द डोक्यात पक्का बसतो, आणि मग रक्त शुद्ध करणाऱ्या बाटल्यांची जाहिरात पटायला वेळ लागत नाही.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली 'द प्रोसेस ऑफ एज्युकेशन' या पुस्तकात मांडलं, की कोणताही विषय कोणत्याही वयाला प्रामाणिक रूपात शिकवता येतो आणि पुढे तोच विषय पुन्हा पुन्हा अधिक खोलात भेटावा. यातला 'प्रामाणिक' हा शब्द आपण विसरतो. खालच्या वर्गात सांगितलेल्या गोष्टीत वरच्या वर्गात भर पडावी, ती पुसून काढायची वेळ येऊ नये.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. पानं गाळताना आपण असं धरून चालतो, की खालच्या पातळीला सगळंच कमी लागतं. आता इंजेक्शनचं उदाहरण घ्या. एमबीबीएसचा विद्यार्थी सायटिक नर्व्ह कोणत्या मुळांपासून निघते ते घडाघडा सांगेल. पण दिवसभर इंजेक्शनं कोण देतं? नर्स. नितंबाचे चार भाग कल्पून वरच्या-बाहेरच्या भागातच सुई का द्यायची, आणि खाली-आत सरकली तर ती जाडजूड नर्व्ह वाटेत कशी येते, हे तिला कातडीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तान्ह्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. कारण बाळ अजून चालत नाही, त्याच्या नितंबाचे स्नायू भरलेले नसतात आणि नर्व्ह तिथे जवळ असते. या एका जागेचं ज्ञान नर्सला डॉक्टरपेक्षा पक्कं हवं. तिच्या पुस्तकात मात्र बरेचदा डॉक्टरच्या पुस्तकाचा सारांश असतो.

आशाताईंचं बघा. खोकला असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त; म्हणजे श्वास जलद. नुसते आकडे पाठ केले तर गोंधळ होतो. अकरा महिन्यांच्या बाळाचे ४८ चालतात आणि चौदा महिन्यांच्या बाळाचे ४८ धोक्याचे, हे कसं काय? मूल वाढतं तसा त्याचा नेहमीचा श्वास संथ होत जातो, म्हणून. न्यूमोनियात फुप्फुस ताठर होतं, श्वास खोल घेता येत नाही, म्हणून बाळ तो भराभर घेतं. बरगड्या अजून मऊ असतात, म्हणून जोर लावला की छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. ही सगळी अस्सल शरीरक्रिया आहे, आणि ती समजली की रडणाऱ्या बाळाचे श्वास का मोजायचे नाहीत हेही न सांगता समजतं.

भाषेचाही प्रश्न आहेच. आपल्या बोलण्यात 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, नर्व्ह आणि कधी कधी स्नायूची दोरीसुद्धा. 'शीर दबली', 'शीर आखडली', 'शीर सापडत नाही' या तीन वाक्यांत तीन वेगळ्या वस्तू आहेत. मराठी माध्यमातून आलेली मुलगी नर्सिंगला इंग्रजी नावं पाठ करते. पण पेशंटची 'शीर' यातली कोणती, हे तिला कुणी शिकवत नाही.

वरच्या टोकाला वेगळीच गंमत. १९९७ च्या नियमांनी एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एक वर्षावर आणला. २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्याच्या तेव्हाच्या यादीत शरीररचनेच्या ४०९ क्षमता होत्या आणि शरीरक्रियेच्या १३७. रुग्णाशी लवकर ओळख व्हावी, दोन्ही विषयांनी एकच अवयव एकाच वेळी शिकवावा, ही त्यातली दिशा आम्हाला योग्य वाटते. पण एवढे रकाने भरण्याची घाई झाली, की विद्यार्थी पुन्हा नावांच्या यादीकडेच वळतो.

इथे कुणी रास्त शंका काढेल. कामापुरतंच शिकवा म्हटलं, तर 'नर्सला एवढंच पुरे' असं म्हणणाऱ्यांच्या हाती आपण कोलीत देत नाही का? धोका खरा आहे. म्हणून आमचं म्हणणं असं : नावं गाळा, कारणं गाळू नका. प्रत्येक वर्गाला निदान काही साखळ्या पूर्ण मिळाव्यात, रचनेपासून क्रियेपर्यंत आणि क्रियेपासून हातातल्या कामापर्यंत. ज्याला एक साखळी पूर्ण समजली, तो पुढची स्वतः वाचू शकतो. ज्याला फक्त नावं मिळाली, त्याला पुढचा वर्गही नावंच देणार.

तेव्हा पुढच्या वेळी यातलं एखादं पाठ्यपुस्तक हातात आलं, की जाडी बघू नका. कोणतंही एक पान उघडा आणि तीन गोष्टी विचारा. हे शिकणारा उद्या काय करणार आहे? इथलं कोणतं वाक्य पुढच्या वर्गात खोटं ठरेल? आणि 'का' हा शब्द या पानावर कुठे आहे? आमच्या मते पुस्तकाचं परीक्षण इथूनच सुरू व्हावं.

आम्ही इथे थांबतो. तुम्ही शिकवत असाल किंवा शिकत असाल, तर तुमच्या पुस्तकातलं असं एखादं वाक्य जरूर कळवा.