वरातीच्या कॅसेटीतली जीप

मोटारींच्या इतिहासाची जुनी फिल्म म्हटलं की डोळ्यांसमोर कारखाना येतो. 'मास्टर हँड्स' हे त्याचं नामवंत उदाहरण. शेवरलेसाठी जॅम हँडी कंपनीने १९३६ मध्ये केलेली ही फिल्म फाउंड्रीपासून असेंब्ली लाइनपर्यंत कामगारांचे हात दाखवत जाते. १९९९ मध्ये तिला अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत जागा मिळाली. रिक प्रेलिंजर नावाच्या माणसाने कुणालाच नको असलेली अशी रिळं वर्षानुवर्षं गोळा केली, म्हणून आज ती आपल्या मोबाइलवर फुकट बघता येते. आपल्याकडे १९८९ ची 'हमारा बजाज' ही जाहिरात आहे. दोन्ही सुंदर आहेत, आणि दोन्हींचे पैसे गाडी विकणाऱ्याने दिलेले आहेत.

बीड जिल्ह्यात गाड्यांचा कारखाना नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तोही शेजारच्या जिल्ह्यात. मग इथल्या मोटारींची फिल्म कुणी काढली असेल? माझ्या मते लग्नाच्या शूटिंगवाल्याने काढली. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा, मागे सनगनची वायर धरून पळणारा पोरगा, आणि फ्रेमच्या कडेला आपोआप येऊन उभ्या राहिलेल्या गाड्या. नव्वदच्या दशकातल्या या कॅसेटी लग्नाच्या म्हणून बघितल्या तर कंटाळा येतो. मोटारींच्या म्हणून बघितल्या तर हलवत नाही.

कारण साधं आहे. बीड शहरात रेल्वे आली २०२५ मध्ये. परळीला स्टेशन जुनं, पण बाकी जिल्ह्याचं वऱ्हाड एसटीने, ट्रकने, ट्रॅक्टरने नाहीतर जीपनेच जाणार. वऱ्हाड उशिरा येणार हे ठरलेलं, आणि तोवर शूटिंगवाला काय करणार? रस्त्याकडे कॅमेरा लावून उभा राहणार. त्यामुळे प्रत्येक कॅसेटीत एक लांबलचक, निरुद्योगी तुकडा असतो. आधी धूळ, मग हॉर्न, मग टपापर्यंत माणसं भरलेली काळी-पिवळी, मागून ट्रॉलीत उभ्या बायका. कुणी दिग्दर्शन केलेलं नाही, कुणाला काही विकायचं नाही. एका जीपमध्ये माणसं किती बसत, कोण आत आणि कोण बाहेर लटके, नवरीची करवली पुढच्या सीटवर गिअरच्या कोणत्या बाजूला पाय घेऊन बसे, हे कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

नंबर प्लेट वाचायची सवय लावून घ्या, मजा येते. तीन अक्षरांची जुनी पाटी दिसली तर गाडी 'एमएच'च्या आधीची. एमएच २३ म्हणजे बीड, एमएच ४४ अंबाजोगाई. पण नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीवर एमएच १२ किंवा एमएच १४ असेल, तर कुणीतरी पुण्याला, पिंपरीला कामाला गेलेलं आहे, किंवा पुण्यात वापरून झालेली गाडी इथे येऊन दुसरं आयुष्य जगते आहे. जिल्ह्याचं स्थलांतर बोनेटखाली चार अक्षरांत लिहिलेलं असतं.

एका दृश्यापाशी मात्र हसू थांबतं. मांडवात सामान मांडलेलं असतं: कपाट, कूलर, गादी, भांडी, आणि शेवटी रिबीन बांधलेली मोटरसायकल. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये. पुढच्या वर्षांत या दृश्यात तिचा मान मोठा. कॅमेरा तिच्यावर असा फिरतो, हळूच टाकीवरून चाकापर्यंत, जसा नवरीवरही फिरत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. म्हणजे हा शॉट एकाच वेळी मोटारीचं चित्र आहे आणि पुरावाही. गाडी या भागात कशी पोचली, कुणाच्या शेताच्या किमतीवर पोचली, ते त्या दहा सेकंदांत आहे. 'हमारा बजाज'मध्ये हे नाही; असणारही नव्हतं.

आणि या कॅसेटी सगळ्यांच्या नाहीत, हेही बोललं पाहिजे. दसरा-दिवाळीला धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोद्याहून ऊसतोड टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली, बिऱ्हाड ट्रकात नाहीतर ट्रॉलीत. परतायला मार्च-एप्रिल. तो प्रवास व्हीएचएसवर कुणी काढला नाही, कारण त्याचे पैसे कोण देणार? मे महिन्यात वऱ्हाड आणणारा आणि ऑक्टोबरमध्ये टोळी नेणारा ट्रॅक्टर अनेकदा एकच असतो. कॅसेटीत त्याचं अर्धंच वर्ष आहे.

आता ही अर्धी गोष्टही चालली आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. पट्टीला बुरशी लागते, चुंबकीय थर सुटतो, हेड घासलं की चित्र फाटतं. म्हणून लोक कन्व्हर्ट करून घेतात, आणि माझी तक्रार त्या कन्व्हर्ट केलेल्या फायलींबद्दल आहे. त्यात पहिल्यांदा जातो वऱ्हाडाची वाट बघण्याचा तुकडा, कारण 'त्यात काही नाही'. मग घरच्यांच्या सांगण्यावरून मोटरसायकल जाते, कारण त्यात फारच काही आहे. इंजिनाचा आवाज, हॉर्न, कुणीतरी ड्रायव्हरला घातलेली शिवी, यांच्यावर नवं गाणं चढतं. चौकोनी चित्र रुंद टीव्हीसाठी ताणलं जातं आणि अँबेसेडर चपटी होते. रील करायची असेल तर उभी फ्रेम कापतात. हिशेब करून बघा: चारास तीनच्या चित्रातून नवास सोळाची उभी पट्टी काढली की निम्म्याहून जास्त चित्र जातं. उरतात चेहरे. गाड्या तर कडेलाच होत्या.

हे संपादन आहे, आणि वाईट संपादन आहे. ज्याला कुटुंब फालतू म्हणतं किंवा लपवतं, नेमकं तेच कॅसेटीत दुर्मिळ आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमा जपतं आहे, पण तुमच्या मावशीच्या लग्नाची कॅसेट तिथे कुणी नेणार नाही. ते काम घरातल्या मोबाइलवाल्या पोराचं. कापलेली फाइल घरच्यांना द्या, खुशाल द्या. पण एक फाइल न कापता, मूळ आवाजासकट, मूळ मापात ठेवा, आणि ती बघताना म्हाताऱ्यांना शेजारी बसवून गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, भाडं किती ठरलं होतं, हे लिहून घ्या. खासगी आहे, सगळ्यांना दाखवायचं नाही, हेही मान्य. जपणं आणि अपलोड करणं या दोन गोष्टी आहेत.

कॅसेट मशीनमध्ये टाकण्याआधी तिची मागची कड बघा. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून शूटिंगवाले तिथली छोटी टॅब मोडून द्यायचे. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेली दिसली, तर घरात कुणीतरी वरातीवर सिनेमा उतरवलेला असू शकतो. तरी पूर्ण चालवून बघा. सिनेमा संपल्यावर शेवटची पंधरा-वीस मिनिटं बऱ्याचदा उरलेली असतात, आणि त्यात पाठवणी असते. सगळे रडत असतात आणि मागे जीपला धक्का मारणं चालू असतं.