चाळीस जण जमवणं हेच अवघड होतं

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधला कॅज्युअल विरुद्ध हार्डकोर हा वाद वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. गेम पार सोपे करून टाकले, असं एक बाजू म्हणते. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांनी कुठे जायचं, असं दुसरी विचारते. माझ्या मते प्रश्न सोप्या-अवघडाचा नाहीच. गेम खेळाडूकडे किती वेळ मागतो आणि त्याला दुसऱ्या खेळाडूची गरज किती पडू देतो, यावर सगळं ठरतं.

१९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मेलात की कमावलेला अनुभव कमी व्हायचा, कधी आख्खी लेव्हल जायची, आणि सामान मृतदेहापाशीच राहायचं. ते आणायला जवळपास रिकाम्या हाताने त्याच राक्षसांमधून परत जावं लागे. मग नेक्रोमॅन्सर वर्गाचा एखादा खेळाडू मृतदेह आपल्याकडे खेचून देई, क्लेरिक वर्गाचा एखादा जिवंत करून गेलेला अनुभव बराचसा परत मिळवून देई. शिक्षा क्रूर होती, संध्याकाळच्या संध्याकाळ त्यात जात. पण त्यामुळेच सर्व्हरवर माणसाला नाव होतं, पत होती. उर्मटपणे वागणाऱ्याच्या हाकेला धावून कोण येणार?

२००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने ही शिक्षा जवळजवळ काढूनच टाकली. भूत होऊन मृतदेहापर्यंत धावायचं, चिलखत थोडं झिजायचं, बस्स. तरी मोठ्या मोहिमांना, म्हणजे रेडना, चाळीस जण लागतच. २००६मध्ये आलेला अशाच मोहिमेचा गड नॅक्सरामस फारच थोड्यांनी आतून पाहिला. २००८मध्ये तो दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा आणला, ते योग्यच झालं; एवढी मेहनत करून बांधलेली जागा मूठभरांनाच का दिसावी? नुकसान झालं ते पुढे. २००९च्या डिसेंबरात डन्जनसाठी, म्हणजे पाच जणांच्या छोट्या मोहिमांसाठी, साथीदार शोधून देणारा डन्जन फाइंडर आला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी एकत्र येत, बॉस पाडत आणि अक्षरही न बोलता पांगत. २०११मध्ये रेडचंही तेच झालं. वेळ वाचला, पण ओळखीची गरज संपली.

२०१९मध्ये ‘वॉरक्राफ्ट’च्या निर्मात्या ब्लिझार्ड कंपनीने जुना गेम ‘क्लासिक’ म्हणून परत आणला, तेव्हा मोल्टन कोअर या रेडचा शेवटचा बॉस रॅग्नरोस आठवड्याच्या आत पडला. २००५मध्ये तो पहिल्यांदा पडायला काही महिने लागले होते. मधल्या काळात त्याची इत्थंभूत माहिती जमली होती हे खरं, पण लढाई मुळात फारशी कठीण नव्हती. चाळीस जणांना ठरल्या वेळी हजर करणं, आगीपासून वाचवणारं सामान जमवणं, लुटीच्या वाटपावरून गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, फुटू न देणं, हे कठीण होतं. बहुतेक गिल्डांत हा भार दोन-तीन जणच वाहत.

आज याचं सर्वांत समंजस उत्तर ‘फायनल फँटसी १४’कडे आहे. कथा सगळ्यांसाठी खुली, कसोटी पाहायची असेल त्यांच्यासाठी सॅव्हेज आणि अल्टिमेट या अवघड पातळ्या वेगळ्या. शिवाय रूलेटमधून, म्हणजे गेमच कुठलं तरी डन्जन निवडून देतो त्या सोयीतून, मुरलेले खेळाडू जुन्या डन्जनमध्ये परत येतात आणि पथकात कुणी नवखा असला तर सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. नवख्याला सांभाळून घेणं इथे सर्वांच्याच फायद्याचं ठरतं. निर्माते नाओकी योशिदा तर कंटाळा आला की थांबा, दुसरे गेम खेळा, असं उघडपणे सांगतात.

नव्या गेमकर्त्यांनी ‘एव्हरक्वेस्ट’ची शिक्षा उचलू नये. खेळाडूचा वेळ जरूर वाचवावा, पण शेजाऱ्याची गरज मात्र शिल्लक ठेवावी.